कचेरीचें भवितव्य : औशाच्या दफ्तरांतून

लातूर जिल्ह्यांतील औसा तालुक्यांत खरिपाच्या दिवसांत एक दृश्य आतां नित्याचें झालें आहे. शेतकरी सोयाबीनच्या शेतांत उभा राहतो, खिशांतून मोबाईल काढतो, पिकाचें छायाचित्र घेतो आणि कोणत्या गटांत कोणतें पीक किती क्षेत्रावर आहे हें त्याच यंत्रांत नोंदवितो. ती नोंद पुढें त्याच्या सातबाऱ्यावर चढते. ‘ई-पीक पाहणी’ या नांवाची ही पद्धति महाराष्ट्र शासनानें १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू केली. दिसावयास गोष्ट लहान आहे. परंतु याच जमिनीच्या पिकाची नोंद आजवर शेकडों वर्षें दुसराच कोणी करीत आला होता : कधीं कुळकर्णी, कधीं पटवारी, कधीं तलाठी. सरकारी दफ्तराची लेखणी शेत कसणाराच्या हातीं प्रथमच आली, आणि ती लेखणीच्या रूपानें न येतां टेलिफोनच्या रूपानें आली.

अशा घटनेचें भाकीत कोणीं आगाऊ केलें होतें काय? यंत्रयुग सुरू झाल्यापासून भविष्यकथनाला शास्त्राची प्रतिष्ठा लाभली आहे. उद्यांची कचेरी कशी असेल, माणूस जवळ बाळगील तीं यंत्रें कोणतीं असतील, याविषयीं गेल्या शंभर वर्षांत पुष्कळ थोर बुद्धीच्या पुरुषांनीं लिहिलें आहे. त्यांपैकीं कांहीं भाकितें थक्क करण्याइतकीं खरीं ठरलीं, कांहीं साफ चुकलीं. परंतु खरें काय ठरलें आणि काय चुकलें याचा हिशेब सामान्यतः न्यूयॉर्क किंवा लंडन येथें बसून मांडला जातो. तोच हिशेब औशासारख्या एका तालुक्याच्या गांवीं बसून मांडला, तर तो निराळा उतरतो.

औशाचा भुईकोट किल्ला आज खंदकाच्या कडेंत शांत उभा आहे. बहामनी, निजामशाही, मोंगल, आसफजाही अशा राजवटी त्यानें पाहिल्या. मलिक अंबर १६२६ सालीं वारला. त्याची जमाबंदीची पद्धति दक्षिणेंत दीर्घकाळ आदर्श मानली गेली. जमिनीचा कस पाहून धारा ठरवावा, हें तिचें सूत्र होतें. १६३६ सालीं शहाजहानच्या फौजांनीं उदगीर आणि औसा घेतलें. राजे बदलले, तरी गांवचा कुळकर्णी आपल्या घरीं बसून मोडींत लिहीत राहिला. मोडी ही वेगाची लिपि. हात फारसा न उचलतां ओळीमागून ओळ उतरावी, अशीच तिची घडण. कागद कापडांत बांधून त्याचा रुमाल व्हावयाचा, आणि असे रुमाल म्हणजेच गांवची स्मृति. ज्याला ते वाचतां येत, त्याच्याकडे गांवाची अर्धी सत्ता असे. ज्याला येत नसत, तो आपल्याच जमिनीविषयीं दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत उभा राही.

एकोणिसाव्या शतकांत हैदराबाद संस्थानांत पहिल्या सालारजंगाच्या सुधारणांनीं जिल्हे पाडण्यांत आले व पगारी अंमलदार नेमण्यांत आले. कारभाराची भाषा फारसी होती. १८८४ च्या सुमारास तिच्या जागीं उर्दू आली. शेतकरी मराठी बोले, पटवारी गांवपातळीवर मराठींत लिही, वरचा हुकूम उर्दूंत येई. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थानी राजवट संपली. १९५६ सालीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला. औसा तालुका तेव्हांच्या उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव जिल्ह्यांत होता. १६ ऑगस्ट १९८२ रोजीं लातूर जिल्हा निराळा झाला व औसा त्यांत गेलें. एकाच शेताचे कागद असे मोडी, उर्दू आणि बाळबोध अशा तीन लिप्यांतून उतरत आले.

प्रत्येक बदलाच्या वेळीं कारभाऱ्यांची समजूत एकच होती : आतां जुनें संपलें, यापुढें नवें तेवढेंच वाचावयाचें. हेंहि एक भाकीतच होय, आणि तें पार फसलें. २०२३ सालीं मराठवाड्यांतील कुणबी नोंदींचा शोध घेण्याकरितां निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमण्यांत आली, तेव्हां निजामकालीन कागद पुनः उघडावे लागले आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्या माणसांची एकाएकीं गरज पडली. कालबाह्य म्हणून बाजूस ठेवलेल्या अक्षरांवर हजारों कुटुंबांचे हक्क अवलंबून आहेत, हें उघड झालें. विशेष असें कीं, त्याच मोडीला संगणकाच्या जागतिक अक्षरसंकेतांत, म्हणजे युनिकोडमध्यें, २०१४ सालीं स्थान मिळालें होतें. जी लिपि शाळेंतून गेली ती यंत्रांत शिरली. दफ्तरांतील कोणती वस्तु मेली हें घाईनें सांगूं नये, हा औशाच्या इतिहासाचा पहिला धडा.

आतां जगाच्या भविष्यवाद्यांकडे वळावें. १९२६ सालीं निकोला टेस्ला यानें अमेरिकेंतील ‘कॉलिअर्स’ या साप्ताहिकाच्या प्रतिनिधीशीं बोलतांना सांगितलें होतें कीं, बिनतारी विद्येचा पूर्ण उपयोग झाला म्हणजे सारी पृथ्वी एका मेंदूसारखी होईल, हजारों मैलांवरचीं माणसें समोरासमोर बसल्याप्रमाणें एकमेकांस पाहतील व ऐकतील, आणि त्याचें यंत्र जाकिटाच्या खिशांत मावेल. यापेक्षां अधिक अचूक भाकीत क्वचितच सांपडेल. १९४५ च्या जुलै महिन्यांत व्हॅनिव्हर बुश यानें ‘अटलांटिक मंथली’ या मासिकांत एका टेबलाचें वर्णन केलें. त्या टेबलांत माणसाचे सर्व ग्रंथ, पत्रें व टिपणें सूक्ष्म चित्रफितीवर साठविलेलीं असतील, कळ दाबतांच हवें तें पान पडद्यावर येईल, आणि एका विषयावरून दुसऱ्या विषयावर जाणारी वाट वाचकाला स्वतः आंखून ठेवतां येईल. युद्धकाळांत अमेरिकेच्या शास्त्रीय संशोधनाचें सूत्रचालन करणारा हा गृहस्थ होता. कागदाच्या ढिगाऱ्याखालीं ज्ञान गुदमरतें ही त्याची तक्रार अनुभवाची होती. त्याच लेखांत, संशोधकाच्या कपाळावर अक्रोडाहून किंचित् मोठा कॅमेरा बसविलेला असेल, अशीहि कल्पना आहे.

तीस वर्षांनीं, १९७५ च्या जून महिन्यांत, ‘बिझिनेस वीक’ या पत्रानें भावी कचेरीवर एक विशेष लेख छापला. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्राचे प्रमुख जॉर्ज पेक यांनीं त्यांत सांगितलें कीं, वीस वर्षांनंतर त्यांच्या टेबलावर दूरचित्रवाणीसारखा एक पडदा व कळफलक असेल, हवी ती फाईल पडद्यावर बोलावतां येईल, टपाल तेथेंच येईल, आणि छापील कागदाची मग कितपत जरूर राहील हें आज सांगवत नाहीं. पडदा आला, कळफलक आला, टपालहि आलें. कागद मात्र गेला नाहीं. त्यापुढील दोन दशकांत कचेऱ्यांतील कागदाचा खप घटावयाच्या ऐवजीं वाढला, कारण पूर्वीं एक प्रत काढण्यास जे श्रम पडत ते आतां एका कळीवर आले. यांतला विनोद मराठी माणसाला अधिक कळेल. ज्या कंपनीच्या शास्त्रज्ञानें कागद ओसरेल असें म्हटलें, तिचें नांवच मराठींत कागदाच्या प्रतीला पडलें. तालुक्याच्या कोणत्याहि कचेरीच्या दारांत अर्ज घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला पहिला प्रश्न येतो तो झेरॉक्स जोडली काय, हाच.

या सर्व भाकितांत एक गोष्ट समान आहे. भावी कचेरी म्हणजे टेबलामागें बसलेल्या साहेबाची कचेरी, असें प्रत्येकानें गृहीत धरलें. टेबलाच्या अलीकडे अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसाचें काय होईल, हा प्रश्न त्यांच्या चित्रांत नाहीं. बुशच्या टेबलापाशीं शेतकरी येत नाहीं. पेक यांच्या पडद्यासमोर रांग नाहीं. आणि भारतांत तर कचेरी म्हणजे प्रामुख्यानें रांग.

भारतांत संगणक आला तेव्हां चर्चा झाली ती निराळ्याच अंगानें. येथें यंत्राच्या सामर्थ्याविषयीं फारशी शंका नव्हती. चिंता होती ती कारकुनाच्या पोटाची. आयुर्विमा महामंडळांत संगणक बसविण्यावरून १९६० नंतरच्या दशकांत कर्मचारी संघटनांनीं मोठे लढे दिले. केंद्र सरकारनें स्वयंचलित यंत्रांच्या प्रश्नावर नेमलेल्या समितीचें अध्यक्षपद पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्याकडे होतें. तिचा अहवाल १९७२ सालीं बाहेर पडला. तिच्यापुढील मध्यवर्ती प्रश्न रोजगाराचा होता. बँकांत यंत्रें कोठें व किती बसवावयाचीं याच्या मर्यादा १९८३ सालीं बँका व कर्मचारी संघटना यांच्यांत करार होऊन ठरल्या. या भीतीला आज हंसणें सोपें आहे. परंतु ती निराधार नव्हती, तिचा रोख मात्र चुकला. आंतल्या खुर्चीवरील कायम कारकुनाची काळजी सर्वांनीं वाहिली. बाहेरच्या झाडाखालीं बसणाऱ्याचा विचार कोणीं केला नाहीं.

तहसील कचेरीच्या आवारांत अर्ज लिहून देणारे आणि टंकलेखन करून देणारे लोक बसत. त्यांच्यापुढें लांकडी पेटीवर टंकयंत्र असे. भारतीय बनावटीचें टंकयंत्र गोदरेज कंपनीनें १९५५ सालीं बाजारांत आणलें आणि त्याचें उत्पादन २००९ सालीं थांबविलें. या पन्नास-पंचावन्न वर्षांत ज्याला लिहितां येत नसे त्याचें गाऱ्हाणें सरकारी भाषेंत उतरविण्याचें काम या बाहेरच्या माणसानें केलें. तो कधीं फसवी, कधीं मार्ग दाखवी. पण अडाण्याचें तोंड तोच होता. संगणकानें आंतला कारकून काढला नाहीं. त्यानें बाहेरचा टंकलेखक काढला आणि त्याच्या जागीं ई-सेवा केंद्र उभें केलें. मध्यस्थ नाहींसा होईल असें भाकीत होतें. मध्यस्थानें नुसता अंगरखा बदलला.

औसा तालुक्याच्या इतिहासांत भाकितांचा विचार करतांना एका रात्रीचें विस्मरण होऊं शकत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे चार वाजण्याच्या सुमारास या तालुक्यांतील किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. आदल्या दिवशीं अनंतचतुर्दशी होती. गणपति बोळवून गांवें निजलीं होतीं. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीच्या जाड थराचें माळवद अशीं तेथलीं घरें. उन्हाळ्यांत जीं घरें थंडावा देत, तींच त्या पहांटे अंगावर आलीं. सुमारे आठ हजार माणसें गेलीं. दख्खनचें पठार हें प्राचीन व स्थिर भूकवच आहे, येथें मोठा भूकंप संभवत नाहीं, अशी शास्त्रज्ञांची तोंवर सर्वसाधारण समजूत होती. परंतु आदल्या वर्षीं, १९९२ सालीं, किल्लारीला हादरे बसले होते. जमिनीनें आपली साक्ष दिली होती. तज्ज्ञांचें भाकीत मात्र फार मोठ्या नकाशावरून केलेलें होतें. नकाशा जितका मोठा तितकें गांव त्यावर लहान दिसतें, आणि चूक बहुधा तेथेंच होते.

त्या आपत्तींत कचेरी म्हणजे काय याचा अर्थ नव्यानें कळला. घर कोणाचें होतें, किती खणांचें होतें, कुटुंबांत कोण होतें, वारस कोण राहिला, या प्रश्नांचीं उत्तरें दफ्तरांत असतील तरच मदत नीट वांटतां येते. माणूस वांचला पण कागद गेला, किंवा कागद राहिला पण त्यावरचें माणूस गेलें, अशा दोन्ही परींचीं दुःखें तेथें होतीं. जागतिक बँकेच्या साहाय्यानें पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हातीं घेण्यांत आला, पन्नासहून अधिक गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं, आणि राज्यांत आपत्ति-व्यवस्थापनाचे जिल्हावार आराखडे करण्यास त्यांतून चालना मिळाली. टेबलावरील पडदा ही सोय आहे असें शहरांतील वाचकाला वाटतें. किल्लारीच्या अनुभवानंतर नोंद एकाहून अधिक ठिकाणीं असणें हा जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे हें कळतें.

भूमि-अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना याच सुमारास हळूहळू पुढें सरकत होती. १९८८-८९ सालीं देशांतील आठ जिल्ह्यांत ती प्रयोगादाखल सुरू झाली. महाराष्ट्रांतून वर्धा जिल्हा निवडण्यांत आला होता. पुढील सारीं वर्षें हस्तलिखित सातबारे संगणकांत उतरविण्यांत आणि उतरवितांना झालेल्या चुका दुरुस्त करण्यांत गेलीं. नांवांतील एखादी वेलांटी, क्षेत्रांतील एखादा दशांश, आणि शेतकऱ्याच्या चार खेपा. १ मे २०१८ रोजीं डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला, आणि उताऱ्यावर तलाठ्याची सही आणण्यासाठीं त्याच्या मागें हिंडण्याची गरज पुष्कळ अंशीं संपली.

याच काळांत दुसरी एक वाट टेलिफोनची होती. १९८४ सालीं स्थापन झालेल्या ‘सी-डॉट’ या संस्थेनें धूळ आणि उकाडा सोसणारीं, वातानुकूलनाशिवाय चालणारीं लहान ग्रामीण टेलिफोन केंद्रें तयार केलीं. घरोघर टेलिफोन देणें परवडणार नाहीं, म्हणून प्रत्येक गांवांत एक तरी सर्वांसाठीं असावा, असा सॅम पित्रोदा यांचा आग्रह होता. त्यांतून पिवळ्या पाट्यांचीं एस.टी.डी. केंद्रें गल्लोगल्लीं उभीं राहिलीं. तो विचार त्या काळापुरता अगदीं बरोबर होता. परंतु ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्त्याहून ज्योति बसू यांनीं दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशीं मोबाईलवर भाषण केलें, आणि त्या पिवळ्या पाट्यांचें आयुष्य त्या दिवशींच मोजकें झालें. तें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं, कारण मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास दर असलेली वस्तु ही श्रीमंतांचें खेळणेंच राहणार असें सर्वांस वाटलें. अमेरिकेसारख्या देशांतहि तेंच झालें होतें. १९८० च्या सुमारास तेथील मोठ्या टेलिफोन कंपनीसाठीं सल्लागारांनीं बांधलेला अंदाज असा होता कीं, २००० सालापर्यंत देशांत सुमारे नऊ लाख मोबाईल असतील. प्रत्यक्षांत ते दहा कोटींहून अधिक झाले. यंत्र कसें असेल हें टेस्लाला सत्तर वर्षें आधीं दिसलें. तें किती लोकांना हवें असेल हें हिशेबनीसांना वीस वर्षें आधींहि दिसलें नाहीं.

आणि हवें कशासाठीं, हें तर कोणालाच दिसलें नाहीं. ‘मिस्ड कॉल’ ही गोष्ट कोणत्याहि भविष्यवाद्याच्या स्वप्नांत नव्हती. पैसा न खर्चतां दोन घंट्या वाजवून ‘एस.टी. मिळाली’, ‘मोटार सुरू कर’, ‘पोहोंचलों’ असें सांगण्याची युक्ति ज्यांच्या खिशांत रुपये कमी होते त्यांनींच काढली. यंत्र प्रयोगशाळेंत जन्मतें, पण त्याचा उपयोग गरजेच्या घरीं जन्मतो.

याचें उत्तम उदाहरण कोल्हापूर-सांगली भागांतील वारणा खोऱ्यांत घडलें. १९९८ सालीं वारणानगरच्या सहकारी संस्थांच्या परिसरांतील सत्तर गांवांसाठीं संगणक केंद्रांची योजना सुरू झाली. ऊस पिकविणारा शेतकरी त्या केंद्रांत येऊन बाजारभाव पाहील, शेतीचें ज्ञान मिळवील, जगाशीं जोडला जाईल, असें भाकीत होतें. कांहीं वर्षांनीं पाहिलें तेव्हां असें आढळलें कीं, केंद्रांचा उपयोग प्रामुख्यानें कारखान्याच्या रोजच्या व्यवहारासाठीं होतो : उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजन, खताची उचल. मग बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन विभागानें एक साधा प्रयोग केला. सात गांवांत आठ महिने संगणकाच्या जागीं मोबाईलवरील लघुसंदेशांची व्यवस्था ठेवली. संगणकाकडून होणारीं सर्व कामें तिनें केलीं, खर्च कमी आला, आणि शेतकऱ्यांना ती अधिक आवडली. या प्रयोगाचें वृत्त २००७ सालीं प्रसिद्ध झालें. ऊस कारखान्यावर गेल्यावर काटा किती झाला हें घरीं बसून कळावें, एवढीच शेतकऱ्याची मागणी होती. ती भागवावयास खोलीभर यंत्रें नकोत, दोन ओळी पुरतात. उसाचें पीक घेणाऱ्या औसा तालुक्यांतील शेतकऱ्यासहि हें पटवून सांगावें लागणार नाहीं.

अशा दोन वाटा, दफ्तराची आणि टेलिफोनची, २०२१ सालीं औशाच्या बांधावर एकत्र आल्या. बुशचा पडदा, टेस्लाचें खिशांतील यंत्र आणि अक्रोडाएवढा कॅमेरा हीं तिन्ही एकाच वस्तूंत जमलीं, आणि ती वस्तु संशोधकाच्या कपाळावर न जातां सोयाबीनच्या शेतांत गेली. भविष्यवाद्यांनीं यंत्राचा प्रत्येक अवयव ओळखला होता. त्यांना ओळखतां आला नाहीं तो तें धरणारा हात.

तथापि येथें थांबून केवळ आनंद मानणें बरोबर होणार नाहीं. पूर्वीं पिकाची नोंद करणें हें तलाठ्याचें कर्तव्य होतें. पुष्कळ वेळां ती बांधावर न जातां बसल्या जागीं होई, गेल्या वर्षीचेंच पीक यंदाहि लागे, आणि त्याविरुद्ध तक्रार करण्यास जागा असे, कारण काम दुसऱ्याचें होतें. आतां नोंद हा शेतकऱ्याचा हक्क झाला आणि त्याबरोबरच त्याचा भारहि झाला. मुदतींत नोंद झाली नाहीं तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाहीं. तें दिसलें नाहीं तर हमीभावाच्या खरेदी केंद्रावर आणि नुकसानभरपाईच्या वेळीं अडचण येते. ज्याचा मुलगा पुण्यास गेला, ज्याचा मोबाईल जुना आहे, ज्याच्या शिवारांत संदेशाच्या लहरी पोहोंचत नाहींत, जिच्या नांवें जमीन आहे पण यंत्र नाहीं अशी विधवा, यांच्यासाठीं गांवपातळीवर साहाय्यकांची व्यवस्था शासनास करावी लागली आहे. म्हणजे कुळकर्ण्यापाशीं जाण्याची पायपीट संपली, पण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणें सर्वांचें संपलें असें नाहीं.

आतां पुढचें भाकीत काय? तें ऐकूं येऊं लागलेंच आहे. शेतकऱ्यानें छायाचित्र घेण्याचीहि गरज राहणार नाहीं. उपग्रह आकाशांतून पीक ओळखील, यंत्रबुद्धि क्षेत्र मोजील, कचेरी माणसावांचून चालेल. प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत दूरसंवेदनाच्या साधनांनीं उत्पादनाचा अंदाज बांधण्याची पद्धति २०२३ पासून आलेली आहे. यंत्राच्या बाबतींत हें भाकीत खरें ठरण्याचा पुष्कळ संभव आहे. यंत्राविषयींचीं भाकितें बहुधा खरींच ठरतात. परंतु औशाचा इतिहास त्यापुढें तीन प्रश्न ठेवतो. काम यंत्रानें केलें असें म्हणतांना उरलेला भार कोणाच्या खांद्यावर गेला? ज्याच्याजवळ तें यंत्र नाहीं त्यानें कोणत्या दारांत उभें राहावें? आणि यंत्रानें चुकीचें लिहिलें तर तें खोडून खरें लिहिण्याचा अधिकार कोणाच्या हातांत आहे?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. मोडी कागद चुकला तर पंचांपुढें साक्ष होई. उर्दू हुकूम चुकला तर अर्ज करतां येई. तलाठ्याची नोंद चुकली तर तहसीलदारापर्यंत जातां येई. आकाशांतल्या डोळ्यानें सोयाबीनला तूर म्हटलें, तर बांधावर उभ्या असलेल्या माणसाचा शब्द त्याच्याहून मोठा मानला जाईल काय? किल्लारीच्या जमिनीनें १९९२ सालीं दिलेली साक्ष मोठ्या नकाशापुढें लहान ठरली होती, आणि त्याची किंमत काय पडली हें या तालुक्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? उद्यांच्या कचेरीची खरी परीक्षा तिच्या वेगावर व्हावयाची नाहीं. शेतांत उभा असलेला माणूस ‘हें चुकलें आहे’ असें म्हणेल, तेव्हां तें ऐकून घेणारें कोणी तिच्यांत असेल कीं नाहीं, यावर ती व्हावयाची आहे.